वाचकांचे प्रश्न : हाताने रंगवलेले जुने जर्मन नकाशे

मागील अंकात या सदरात न्यूरेंबर्ग येथे अठराव्या शतकात छापलेल्या एका नकाशाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रे पाहिली तेव्हा लक्षात आले की अशा नकाशांविषयी मराठी वाचकांच्या मनात बरेच कुतूहल आहे, आणि काहींच्या घरी असे नकाशे आहेतही. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (पुणे) : माझे आजोबा शिक्षणासाठी जर्मनीत होते. परतताना त्यांनी आणलेला एक नकाशा आमच्या दिवाणखान्यात आहे. त्यावर होमान आणि न्यूरेंबर्ग ही नावे वाचता येतात. प्रदेश गुलाबी, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत रंगवलेले आहेत, परंतु शीर्षकाभोवतीची देवता, बालके आणि फळांच्या घोसांची सुंदर चित्रे मात्र कोरीच राहिली आहेत. हे रंगकाम अर्धवट राहिले असावे का? एखाद्या चांगल्या चित्रकाराकडून ते पूर्ण करून घ्यावे असा विचार आहे.

उत्तर : कृपया हा विचार सोडून द्यावा. आपल्या नकाशाचे रंगकाम अर्धवट नाही, ते पूर्ण आहे, आणि ती कोरी चित्रे हीच त्याच्या अस्सलपणाची एक मोठी खूण आहे. शीर्षकाभोवतीच्या त्या सजवलेल्या चौकटीला कार्टूश म्हणतात. होमानच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नकाशांत प्रदेश भरगच्च रंगवायचे आणि कार्टूश काळ्या शाईतच ठेवायचा, अशी रीत होती. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने ओढलेल्या केसाएवढ्या बारीक रेषांतून छायाप्रकाश उभा करणे ही त्या कोरीव कारागिराची खरी कसोटी असे, आणि त्या रेषांवर रंगाचा हात फिरला की ते सारे काम बुजून जाते. कार्टूशही रंगवलेल्या प्रती मिळतात, परंतु त्यांतील अनेकींवर तो रंग विसाव्या शतकात, भिंतीवर टांगण्याजोगी वस्तू तयार करण्यासाठी, चढवलेला असतो.

योहान बाप्टिस्ट होमान याची थोडी ओळख येथे करून देणे योग्य होईल. त्याचा जन्म १६६४ मध्ये श्वाबेन भागातील ओबरकामलाख या खेड्यात झाला. जेझुइटांच्या शाळेत शिकून तो कॅथलिक संन्यासी होण्याच्या मार्गावर होता, परंतु तो मार्ग सोडून न्यूरेंबर्गला आला, प्रोटेस्टंट झाला आणि दस्तऐवज लिहिणाऱ्या नोटरीचे काम करू लागला. तेथेच त्याने तांब्यावर कोरण्याची विद्या हस्तगत केली, आणि १७०२ मध्ये स्वतःची नकाशांची पेढी काढली. १७१५ मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याने त्याला शाही भूगोलकार ही पदवी दिली, आणि १७१६ मध्ये त्याचा १२६ नकाशांचा मोठा अॅटलास प्रसिद्ध झाला. तोपर्यंत चांगले नकाशे हवे असतील तर जर्मन ग्राहकाला ॲम्स्टरडॅम किंवा पॅरिसकडे पाहावे लागे, आणि ते महाग पडत. होमानने ते घरच्या घरी, परवडणाऱ्या किमतीत उपलब्ध करून दिले.

आता आपल्या नकाशावरील गुलाबी, पिवळा आणि हिरवा हे रंग कशासाठी आहेत ते पाहू. त्या काळी जर्मनी नावाचे एकसंध राज्य नव्हते. पवित्र रोमन साम्राज्याच्या छत्राखाली शेकडो लहानमोठी संस्थाने, बिशपांच्या जहागिरी आणि स्वतंत्र शहरे नांदत होती, आणि त्यांची विभागणी दहा मंडळांत केलेली होती. एखाद्या बिशपची जमीन तीन ठिकाणी विखुरलेली, मध्ये दुसऱ्याच सरदाराचा मुलूख आणि त्याच्या पोटात एक स्वतंत्र शहर, अशी गुंतागुंत निव्वळ ठिपक्यांच्या सीमारेषांवरून डोळ्यांना उमगत नाही. रंग भरला की ती तत्काळ उमगते. हे रंग शिस्तीने वापरावेत, एका सत्तेला नकाशाभर एकच रंग असावा, असा आग्रह धरणारा माणूस होता योहान ह्युब्नर, जो पुढे हॅम्बुर्ग येथील प्रसिद्ध शाळेचा प्रमुख झाला. योगायोगाने त्याचे १६९३ मध्ये निघालेले भूगोलाचे पाठ्यपुस्तकही प्रश्नोत्तरांच्याच रूपात होते. त्याच्या पद्धतीनुसार होमानने १७१९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी जो अॅटलास काढला, त्यात गावांची पूर्ण नावे न छापता केवळ आद्याक्षरे वगैरे खुणा ठेवल्या होत्या, म्हणजे नावे विद्यार्थ्याने स्वतः आठवून सांगावीत. आपल्या शाळांत कोरा नकाशा भरून घेतात, त्याच जातीची ही कल्पना आहे.

तेव्हा आपल्या भिंतीवरील नकाशात रंग ही माहिती आहे आणि कार्टूश ही कला आहे. दोहोंनाही आहे तसे राहू द्यावे.

प्रश्न (नागपूर) : नकाशाकाराचे नाव छापलेले असते, कोरणाऱ्याचेही कधीकधी असते. मग रंगवणाऱ्याचे का नसते? हे लोक कोण होते, आणि कोणते रंग वापरत?

उत्तर : हा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण या नकाशांची जी गोष्ट आपल्याला सर्वांत आधी आवडते, ती करणाऱ्या हातांविषयीच सर्वांत कमी विचारले जाते.

नाव नसण्याचे पहिले कारण सरळ आहे. नाव पत्र्यावर कोरले जाई, आणि रंग छपाईनंतर प्रत्येक प्रतीवर वेगळा चढे. एकाच पत्र्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या हातांनी, दोन वेगळ्या वर्षी रंगवलेल्या असू शकतात. बिनरंगी प्रत स्वस्त आणि रंगवलेली महाग, अशी विक्री चाले. दुसरे कारण सामाजिक आहे. जर्मन शहरांत छापील चित्रे रंगवून पोट भरणाऱ्यांचा जुना वर्ग होता. त्यांना ब्रीफमालर, म्हणजे छापील कागद रंगवणारे, म्हणत, आणि खेळायचे पत्ते, संतांची चित्रे, पंचांगे आणि नकाशे हे सर्व त्यांच्या हातांखालून जाई. चित्रकारांपेक्षा त्यांची पायरी खालची मानली जाई.

तरीही काही नावे टिकली. न्यूरेंबर्गचा गेऑर्ग ग्लोकेनडोन हे त्यांतले मला फार महत्त्वाचे वाटणारे नाव. मार्टिन बेहाइम याने १४९२ मध्ये जो पृथ्वीगोल करवून घेतला आणि जो आज जगात टिकून राहिलेला सर्वांत जुना पृथ्वीगोल म्हणून न्यूरेंबर्गच्या जर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये आहे, त्याच्यावरील चित्रकाम ग्लोकेनडोनचे. एर्हार्ड एट्झलाउब हा कंपास आणि सूर्यघड्याळे करणारा कारागीर होता. त्याने काढलेला मध्य युरोपातील हमरस्त्यांचा नकाशा १५०१ मध्ये याच ग्लोकेनडोनने छापला. त्या नकाशात दक्षिण दिशा वर आहे. कारण त्याच एट्झलाउबचा त्याआधीचा प्रसिद्ध नकाशा रोमला निघालेल्या यात्रेकरूंसाठी होता आणि त्यांची वाट दक्षिणेकडे जात होती. रस्त्यावरील प्रत्येक ठिपका म्हणजे एक जर्मन मैल, सुमारे साडेसात किलोमीटर, त्यामुळे यात्रेकरूने ठिपके मोजले की अंतर कळे.

रंगांविषयी लिहिताना मराठी माणसाला एक सोय आहे, की बहुतेक रंगांना आपल्या भाषेत घरगुती नावे आहेत. नारिंगी-तांबडा रंग म्हणजे शिशापासून केलेला, आपल्या देवळांत वापरतात तोच शेंदूर. हिरवा बहुधा जंगाल, म्हणजे तांब्यावर आंबट वाफ धरून खरवडून काढलेला गंज. किरमिजी रंग किड्यांपासून मिळे. गुलाबी छटा पतंगाच्या लाकडापासून काढीत, आणि हे लाकूड ब्राझील सापडण्याच्या कितीतरी आधीपासून आशियातून युरोपात जात होते. नीळ तर हिंदुस्थानातूनही जाई. पिवळ्यासाठी केशर किंवा गॅम्बोज नावाचा झाडाचा चीक वापरीत, आणि त्या नावातच कंबोडिया दडलेला आहे. हे रंग बाभळीच्या जातीच्या झाडांच्या डिंकात कालवीत, आणि कागदात ते फुटू नयेत म्हणून कागदाला आधी तुरटी घातलेल्या सरसाचा हात देत. पारदर्शक रंग अंगभर आणि गडद रंग काठाकाठाने, असा सर्वसाधारण क्रम असे. पारदर्शकपणा आवश्यकच होता, अन्यथा खालची गावांची नावे वाचता आली नसती.

दर्जाची दोन टोके सांगायची तर १४८२ मध्ये उल्म येथे लीनहार्ट होल याने छापलेल्या, प्राचीन ग्रीक विद्वान टॉलेमी याच्या भूगोलाकडे पाहावे. त्याच्या रंगवलेल्या प्रतींमधील समुद्राचा गडद निळा रंग पाचशे वर्षांनंतरही नजर खिळवून ठेवतो. दुसरे टोक म्हणजे अठराव्या शतकातील घाईचे काम, ज्यात रंग सीमारेषा ओलांडून शेजारच्या संस्थानात शिरलेला दिसतो. मला दुसऱ्या प्रकारातले नकाशेही प्रिय आहेत. ब्रश कोठे थांबला, कोठे पाणी जास्त झाले, हे त्यांत दिसते, आणि तेथे माणूस भेटतो.

ही हाताची परंपरा आपल्या समजुतीपेक्षा खूप उशिरापर्यंत चालली. गोथा येथील युस्टुस पेर्थेस या प्रकाशनसंस्थेने १८१७ पासून काढलेल्या श्टीलरच्या अॅटलासच्या सीमा जवळजवळ शतकभर, एकोणिसावे शतक संपत येईपर्यंत, हातानेच रंगवल्या जात होत्या, आणि ते काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करीत. शिळाछाप जर्मनीतच, म्युनिकच्या झेनेफेल्डरने, अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली होती, तरीही.

प्रश्न (रत्नागिरी) : नकाशे करणारी शहरे बंदरावर असावीत असे आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना वाटते. न्यूरेंबर्ग आणि ऑग्सबर्ग तर समुद्रापासून फार दूर आहेत. हे नकाशाकार स्वतः प्रवास करीत होते का?

उत्तर : बहुतेक जण करीत नव्हते. लिस्बन किंवा ॲम्स्टरडॅममध्ये खलाशी नकाशा घेऊन उतरत. न्यूरेंबर्गमध्ये बातमी उतरत असे, कारण ते व्यापारी मार्गांच्या चौकात वसलेले होते. त्याहून मोठे कारण कारागिरीचे आहे. उल्मान श्ट्रोमर याने जर्मनीतील पहिली कागदाची गिरणी १३९० मध्ये न्यूरेंबर्गच्या वेशीबाहेर सुरू केली. पितळेची, तांब्याची आणि अचूक उपकरणांची कामे करणारे हात तेथे पिढ्यान्‌पिढ्या होते. ऑग्सबर्गला सोनारांची परंपरा होती, आणि तेथील सर्वांत मोठा नकाशाकार माथेउस झॉइटर हा सोनाराचाच मुलगा होता. आधी त्याला बिअर गाळण्याच्या धंद्यात घातले होते. तेथे मन न रमल्याने तो न्यूरेंबर्गला होमानकडे कोरीव काम शिकायला गेला आणि पुढे ऑग्सबर्गला परतून त्याच गुरूचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी झाला. सोन्याचांदीवर नक्षी कोरणारी कोरणी आणि तांब्यावर नदी कोरणारी कोरणी या एकाच घरातल्या आहेत.

प्रवास न करण्याचा परिणाम अर्थातच झाला. पॅरिसचे किंवा ॲम्स्टरडॅमचे नकाशे समोर ठेवून नवे पत्रे कोरायचे, अशी बरीचशी पद्धत होती, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याकडे चालत येई. होमान आणि झॉइटर या दोघांनीही आळशी आणि खादाड लोकांच्या काल्पनिक देशाचा, श्लाराफेनलांडचा, नकाशा काढला होता. त्यातली शहरे, नद्या आणि सीमा इतक्या गंभीरपणे कोरल्या आहेत की खऱ्या देशाच्या नकाशाशेजारी ठेवला तर कामात फरक दिसत नाही.

परंतु याच पेढीने केलेली एक गोष्ट मला विलक्षण प्रामाणिक वाटते, आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. होमान १७२४ मध्ये वारला, त्याचा मुलगा योहान क्रिस्टोफ १७३० मध्ये ऐन तारुण्यात गेला, आणि पेढी होमानचे वारस या नावाने चालू राहिली. १७४६ मध्ये त्या वारसांनी टोबियास मायर नावाच्या तेवीस वर्षांच्या, बहुतांशी स्वतःच शिकलेल्या, अनाथ तरुणाला कामावर घेतले. मायरने उपलब्ध खगोलीय निरीक्षणांच्या आधारे गावांची स्थाने तपासायला सुरुवात केली, आणि १७५० मध्ये जर्मनीचा एक चिकित्सक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात त्याने जर्मनीच्या सीमा व स्थाने एकाच कागदावर तीन प्रकारे दाखवली: स्वतःच्या गणिताप्रमाणे, पॅरिसचा नकाशाकार दलील याच्या नकाशाप्रमाणे, आणि होमानच्या नकाशाप्रमाणे. ज्या पेढीचा संस्थापक होमान, त्याच पेढीने होमान कोठे आणि किती चुकला हे छापून विकले. मायर पुढे ग्योटिंगेनला प्राध्यापक झाला. त्याच्या चंद्राच्या कोष्टकांमुळे समुद्रावर रेखांश काढणे सुकर झाले, आणि १७६५ मध्ये इंग्लंडच्या सरकारने त्याच्या विधवा पत्नीला ३००० पौंड दिले. ज्याच्या कामाने जहाजांना वाट दाखवली, तो माणूस समुद्रापासून दूरच्या शहरांतच वाढला आणि राबला.

प्रश्न (श्टुटगार्ट, जर्मनी) : मी नोकरीनिमित्त येथे राहते. जुन्या वस्तूंच्या बाजारात झॉइटरचा एक नकाशा घेतला. त्यावर सालच नाही. तो कधीचा आहे आणि त्यावरील रंग जुना आहे की नवा, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

उत्तर : आपण मायरच्या प्रदेशातच राहता. त्याचे जन्मगाव मारबाख आपल्यापासून जवळ आहे, आणि ज्या एस्लिंगेनमध्ये तो लहानाचा मोठा झाला तेही लांब नाही.

साल नसणे हे या नकाशांत नेहमीचेच आहे, कारण साल कोरले की नकाशा जुना दिसू लागतो, आणि एक पत्रा तर अनेक वर्षे वापरायचा असतो. म्हणून कर्त्याच्या नावापुढील लॅटिन मजकूर बारकाईने वाचावा. झॉइटरला शाही भूगोलकार ही पदवी १७३१-३२ च्या सुमारास मिळाली. तेव्हा नावापुढे सम्राटाचा भूगोलकार अशा अर्थाची संक्षिप्त अक्षरे असतील तर प्रत त्यानंतरची. काही प्रतींवर साम्राज्याच्या व्हिकारांच्या, म्हणजे प्रतिशासकांच्या, परवानगीने असा मजकूर आढळतो आणि त्यात ऱ्हाइन, श्वाबेन आणि फ्रँकोनिया यांची नावे येतात. ऑक्टोबर १७४० मध्ये सम्राट सहावा चार्ल्स वारला आणि जानेवारी १७४२ पर्यंत नव्या सम्राटाची निवड झाली नाही. मधल्या काळात कारभार या प्रतिशासकांकडे होता. त्यामुळे ही ओळ असलेली प्रत १७४० च्या आधीची असूच शकत नाही. सिंहासन रिकामे असल्याची नोंद नकाशाच्या कोपऱ्यात अशी कोरलेली राहिली आहे. झॉइटर १७५७ मध्ये वारला आणि त्याचे पत्रे जावई टोबियास कोनराड लोटर तसेच योहान मिखाएल प्रोब्स्ट यांच्याकडे गेले. अनेक पत्र्यांवरील सासऱ्याचे नाव घासून तेथे जावयाचे नाव कोरलेले आहे. मात्र नावापुढे स्कल्प्सित, म्हणजे कोरले, अशा अर्थाची अक्षरे असतील तर लोटर केवळ कोरणारा आहे, प्रकाशक नव्हे, हे ध्यानात घ्यावे. होमानच्या बाबतीतही हीच युक्ती चालते. शाही भूगोलकार असेल तर १७१५ नंतरची प्रत, आणि वारस असतील तर १७३० नंतरची.

रंग तपासायचा असेल तर नकाशा उलटा करावा. जंगाल वर्षानुवर्षे कागदाशी झगडत असतो, त्यामुळे जिथे पुढच्या बाजूला जुना हिरवा रंग आहे, तिथे मागच्या बाजूला तपकिरी छाप उमटलेली असते. पुढे गर्द हिरवे आणि मागे स्वच्छ पांढरे असेल तर तो हिरवा जंगाल नाही आणि रंग नंतरचा असण्याचा संभव वाढतो, मात्र एवढ्या एकाच खुणेवर निकाल देऊ नये, कारण वनस्पतींचे हिरवे रंगही वापरात होते. घडीकडे पाहावे. अॅटलासमध्ये बांधलेला नकाशा मधोमध दुमडलेला असे, आणि त्या घडीच्या भेगेत नवा रंग मुरलेला दिसला तर तो भेग पडल्यानंतर लावला आहे हे उघड आहे. प्रशियन निळा हा रंगही साक्षीदार आहे. तो बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमारास प्रथम तयार झाला, तेव्हा सतराव्या शतकातल्या नकाशावर तो आढळला तर रंगकाम मागाहून झालेले आहे. आपला नकाशा झॉइटरचा असल्याने त्याच्यावर तो असणे वावगे नाही.

कागद उजेडासमोर धरला तर साच्याच्या तारांच्या समांतर रेषा आणि बहुधा एखादे जलचिन्ह दिसावे. चित्राच्या चारी कडांभोवती पत्र्याच्या दाबाने उठलेला खळगाही बोटाला लागला पाहिजे. दोन्ही नसतील तर ती बहुधा छायाप्रत आहे.

प्रश्न (पणजी) : जर्मन नकाशांत आमचा गोवा किंवा कोकण दिसतो का?

उत्तर : दिसतो, आणि बराच लवकर दिसतो. कोलोन येथे गेऑर्ग ब्राउन या धर्मोपदेशकाने आणि फ्रान्स होगेनबेर्ग या कोरीव कारागिराने १५७२ पासून १६१७ पर्यंत सहा खंडांत जगातील शहरांची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांच्या पहिल्याच खंडात गोवा आहे. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील आन्फा आणि अझेमूर, तसेच दीव, यांच्यासह एकाच पानावर त्याचे लहानसे चित्र येते. त्याच खंडातील कालिकतचे चित्र याहून मोठे आणि देखणे आहे. होगेनबेर्ग मूळचा आजच्या बेल्जियममधील मेखेलनचा, आणि त्याला धर्मामुळे आपला मुलूख सोडावा लागला होता. या खंडांतील पुष्कळ चित्रांत पुढच्या बाजूला स्थानिक वेशातील माणसे उभी आहेत. ब्राउनने त्याचे कारण प्रस्तावनेत दिले आहे, की मानवी आकृतींचे वावडे असलेल्या तुर्कांना ही चित्रे युद्धासाठी वापरता येऊ नयेत. हे कारण कितपत खरे, हा भाग वेगळा. आज आपल्याला त्या माणसांचा उपयोग पोशाख पाहण्यासाठी होतो, आणि रंगवणाऱ्याने खरा जीव ओतला आहे तोही त्यांच्याच कपड्यांत.

त्याआधी बाझलच्या झेबास्टियान म्युन्स्टरने १५४० च्या आपल्या टॉलेमीच्या आवृत्तीत आशियाच्या दक्षिण किनाऱ्याचा लाकडी ठशाचा नकाशा घातला होता. म्युन्स्टर हिब्रूचा प्राध्यापक होता, आणि त्याच्या १५४४ च्या विश्ववर्णनाने कित्येक पिढ्या जर्मन घरांत जगाची ओळख करून दिली. पुढे जर्मनीच्या शंभर मार्कच्या नोटेवर त्याचा चेहरा आला.

मराठी वाचकाने आवर्जून पाहावा असा नकाशा मात्र होमानच्या वारसांनी १७३३ मध्ये काढलेला आहे. गंगेच्या अलीकडील हिंदुस्थानचे द्वीपकल्प, म्हणजे मलबार व कोरोमंडलचे किनारे आणि सिलोन, असे त्याच्या लॅटिन शीर्षकाचे सार आहे. थोरले बाजीराव जंजिऱ्याच्या मोहिमेत गुंतले होते त्याच वर्षी न्यूरेंबर्गमध्ये हा पत्रा कोरला गेला. झॉइटरनेही मोगल साम्राज्याचा स्वतंत्र नकाशा काढला होता. त्या काळच्या युरोपीय नकाशांत विजापूर बहुधा विसापूर अशा रूपात लिहिलेले असते, आणि आदिलशाही १६८६ मध्ये बुडाल्यावरही त्याचे स्वतंत्र राज्य कित्येक नकाशांत रंगासह तसेच राहिलेले दिसते. बातमी पोहोचायला वर्षे लागत, आणि पत्रा बदलायला त्याहून अधिक.

प्रश्न (कोल्हापूर) : अमेरिका हे नाव प्रथम देणारा वाल्टझेम्युलरचा नकाशा रंगीत होता का?

उत्तर : तो १५०७ मध्ये लोरेनमधील सँ-दिए येथे बारा लाकडी ठशांवरून छापलेला भिंतीचा नकाशा आहे. त्याची एकमेव टिकलेली प्रत १९०१ मध्ये वोल्फेगच्या गढीत सापडली. ती रंगवलेली नाही. २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती एक कोटी डॉलरला विकत घेतली.

प्रश्न (अलिबाग) : आमच्याकडे एकोणिसाव्या शतकातील हाताने रंगवलेला एक जर्मन नकाशा आहे. चौकटवाल्याने तो पुठ्ठ्यावर चिकटवून काचेत बसवण्याचे सुचवले आहे. दमट हवेत तो टिकावा म्हणून लॅमिनेशन करावे, असेही कोणी सांगितले. काय करावे?

उत्तर : दोन्ही करू नये. लॅमिनेशन एकदा केले की सोडवता येत नाही, आणि पांढऱ्या गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद पुठ्ठ्यातील आम्लाने काही वर्षांत पिवळा पडून कुरकुरीत होतो. पारदर्शक चिकटपट्टी तर फाटलेल्या कडेलाही लावू नये. कागदसंवर्धक अशा ठिकाणी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, आणि ती खळ पाण्याने पुन्हा सुटते. जे लावले ते नंतर कोणालाही निर्धास्तपणे काढता यावे, हा या कामाचा पहिला नियम आहे.

नकाशा पाण्याने धुवून स्वच्छ करून देतो असे कोणी म्हटले तर त्याला आधी रंगांविषयी विचारावे. डिंकातील रंग पाण्यात हलतात, आणि जंगालाचा हिरवा असेल तर ओल लागताच त्याचे कागद खाणे वाढते. काच कागदाला टेकू देऊ नये, मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी ठेवावी. अलिबागसारख्या गावात पावसाळी भिंतीवर, विशेषतः बाहेरच्या बाजूने ओल धरणाऱ्या भिंतीवर, नकाशा टांगूच नये. आतली भिंत निवडावी आणि चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली तर बुरशी धरत नाही, परंतु कोकणात ते पावसाळ्यात साधत नाही, म्हणून आषाढ-श्रावणात नकाशा उतरवून कोरड्या कपाटात आडवा ठेवणे सोयीचे. उजेडाबाबत संग्रहालये कागदावरील रंगांना ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश देत नाहीत, आणि तो दिवसाच्या खिडकीच्या मानाने फारच मंद असतो. गुलाबी आणि पिवळे रंग आधी उडतात, निळा त्या मानाने तग धरतो, म्हणून उन्हात राहिलेल्या नकाशांतील काही प्रांत नाहीसेच झालेले दिसतात.

पावसाळा संपला की चौकट उघडून मागची बाजू विजेरीच्या तिरप्या उजेडात पाहावी. कसरीने कुरतडलेल्या कडा, करडे ठिपके आणि हिरव्या रंगामागची तपकिरी छाप, या तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. काय दिसले ते तारखेसह पेन्सिलीने पुठ्ठ्यावर लिहावे, नकाशावर नव्हे. पुढच्या वर्षी ती तपकिरी छाप गडद झालेली आढळली, तर नकाशा संवर्धकाकडे न्यावा.